मांगरातलं पाणी: प्रकल्प नोंदी, ऑक्टोबर ते डिसेंबर 2024

6 ऑक्टोबर, रविवार

पाऊस गेल्यासारखा वाटतोय म्हणून आज मांगर उघडला. काकांचा हा मांगर आंब्याच्या बागेत आहे, घरापासून चालत पाच मिनिटं, आत रिकाम्या पेट्या, पेंढा, फवारणीचा पंप आणि एक मेलेला उंदीर. काकांनी अट घातलीय की डिसेंबर संपताना जागा खाली पाहिजे, मोहोराची फवारणी सुरू झाली की पंप आणि ड्रम सारखे आत-बाहेर करायला लागतात. म्हणजे हातात तीन महिने.

काय करायचंय ते लिहून ठेवते, नाहीतर महिन्याभराने मीच भलतीकडे गेलेली असेन. संध्याकाळी सातच्या सुमाराला गावातली माणसं येऊन तासभर गप्प बसू शकतील अशी खोली करायची, आणि भिंतीवर प्रोजेक्टरने असं काहीतरी चालू ठेवायचं की ज्याने बसायला मदत होईल. बस एवढंच. मुंबईत आठ वर्षं जाहिरातींचं एडिटिंग केलं, तिथे पगारच ह्याचा मिळायचा की माणसाची नजर स्क्रीनवरून तीन सेकंदसुद्धा हलू द्यायची नाही. तेच हात वापरून उलटं काही जमतं का बघायचं.

आज फक्त झाडलोट. काकूने जमीन शेणाने सारवून देते म्हटलं. भिंत चिऱ्याची, त्यावर जुना चुना, ठिकठिकाणी पोपडे सुटलेत. रंगवावी का? थांबते.

13 ऑक्टोबर

आठवडाभर पट्ट्याचं काम. कल्पना अशी की बसणाऱ्याच्या पोटाला पट्टा, त्यात ताणला की रेझिस्टन्स बदलतो अशी कंडक्टिव्ह रबराची दोरी, ती ईएसपी 32 नावाच्या छोट्या कंट्रोलर बोर्डला जोडलेली, आणि श्वास घेतला की भिंतीवर एक निळसर गोल मोठा होणार, सोडला की लहान. ह्या आयडियाचं मूळ चार डेव्हिस नावाच्या कॅनडातल्या बाईचं ‘ऑसमोस’, 1995 सालचं व्हीआर. त्यात माणूस जॅकेट घालून आत जातो, श्वास घेतला की वर तरंगतो, सोडला की खाली जातो, ती बाई स्वतः स्कूबा डायव्हिंग करायची त्यातून सुचलेलं. हातात जॉयस्टिक नाही, काही पकडायचं नाही, नुसता श्वास आणि तोल. कॉलेजात असताना त्याबद्दल वाचलं तेव्हापासून डोक्यात बसलंय.

दोरी नीट चालते पण घाम आला की रीडिंग वेडंवाकडं. आणि इथे ऑक्टोबरात घाम येतोच येतो. पट्टा बनियनवरून बांधायचा ठरवलं.

स्वतःवर ट्राय केलं. नुसती बसले तर मिनिटाला 15 श्वास. मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20 असतात म्हणजे मी नॉर्मल आहे, बरं वाटलं.

16 ऑक्टोबर, कोजागिरी

पहिली ट्रायल. नऊ जण, मसाला दूध सांगून बोलावलेले.

पूर्ण फसलं, पण बघायला मजा आली. काकूला पट्टा बांधला, गोल दिसल्यावर तिने छाती फुगवून एवढा मोठा श्वास घेतला की गोल भिंतीच्या बाहेर. सगळे हसले. मग शेजारच्या पोराने तिच्यापेक्षा मोठा करून दाखवला. मग कोण जास्त वेळ मोठा ठेवतो ह्याची स्पर्धा, एकाला ठसका लागला, मी मधे ओरडते की अहो नॉर्मल श्वास घ्या, पण नॉर्मल श्वास घ्या म्हटलं की नॉर्मल श्वास कोणाला जमलाय?

शाळेतून रिटायर झालेले गुरुजी कोपऱ्यात बसून बघत होते. ते इगतपुरीला दहा दिवसांचा विपश्यना कोर्स करून आलेत, दोनदा. जाताना म्हणाले, “तिथे सुरुवातीचे दिवस फक्त श्वास बघायचा असतो, आणापान. तो जसा आहे तसा. लांब करायचा नाही, छोटा करायचा नाही. तू तर त्याला मार्क द्यायला लागलीस.”

रागच आला आधी. पण बरोबर आहे. डेव्हिसच्या कामात श्वासाने माणूस कुठेतरी जातो, पोचतो, मी तो समोर फळ्यावर लिहून दाखवला.

20 ऑक्टोबर

पट्ट्याचा शेवटचा प्रयोग, आणि हा कामाचा निघाला. दुपारी काकू ओटीवर जपमाळ घेऊन बसली होती, म्हटलं काकू पट्टा बांधू का, भिंत नाही, गोल नाही, तू तुझी माळ कर. लॅपटॉप मी माझ्याकडे वळवून बसले. पहिली दोन मिनिटं रेघ दातरी, मग हळूहळू लाटा लांबल्या, गुळगुळीत झाल्या, आणि माळ अर्ध्यावर आली तेव्हा मिनिटाला 7 च्या आसपास. तिला काहीच माहीत नाही. मधे मांजर येऊन मांडीला घासून गेली तरी रेघ तशीच.

ह्यावर 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आलेला, इटलीत लोकांना लॅटिनमधली रोझरीची प्रार्थना आणि योगातला मंत्र म्हणायला लावून श्वास आणि हृदयाचे ठोके मोजले होते, दोन्हीत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ उतरला. म्हणायच्या ओळीची लांबीच तशी असते, एका श्वासात एक फेरा. कोणी शिकवत नाही की आता सावकाश श्वास घे.

म्हणजे काकूकडे तिचं यंत्र आधीपासून आहे आणि ते माझ्या यंत्रापेक्षा चांगलं चालतं. मग भिंतीवर मी काय ठेवू? तिने स्वतःच विचारलं संध्याकाळी, “पण गो, थयसर बसल्यावर डोळे मिटू की उघडे ठेवू ता सांग.”

उत्तर नव्हतं. हाच खरा प्रश्न आहे बहुतेक. चित्र डोळ्यांसाठी, आणि ध्यानाला बसलं की माणूस पहिल्यांदा डोळे मिटतो.

21 ऑक्टोबर

काकूचा प्रश्न गुरुजींना विचारला. ते म्हणाले त्राटक उघड्या डोळ्यांचंच असतं की, हठयोगात सांगितलंय, बारीक लक्ष्यावर टक लावायची, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. समईच्या ज्योतीवर करतात लोक. पण पाणी आल्यावर? मग मिटायचे.

पट्टा डब्यात ठेवला. व्हिडिओ आर्टिस्ट नाम जून पैकचा ‘टीव्ही बुद्ध’ आठवला, 1974 चा, बुद्धाची मूर्ती समोरच्या टीव्हीवर कॅमेऱ्यातून स्वतःलाच बघत बसलीय. त्या मूर्तीला पट्टा बांधला असता तरी काही बिघडलं नसतं. आमच्या काकूला मात्र स्वतःचा श्वास समोर दिसला की हसू येतं.

27 ऑक्टोबर

भिंतीवर समुद्र घ्यायचा ठरवला. हो, माहितीय, ध्यान म्हटलं की समुद्र हे फार घिसंपिटं आहे, प्रत्येक मेडिटेशन ॲपमध्ये लाटांचा आवाज असतो. पण इथे ज्याला त्याला पाणी कळतं, त्यामुळे इथे ते वॉलपेपर राहणार नाही असं वाटतंय.

आधी स्लो मोशन केलं. व्हिडिओ आर्टिस्ट बिल व्हायोला ह्यावर्षी जुलैमध्ये गेला, तेव्हापासून त्याचं काम परत बघतेय. तो जपानमध्ये दीड वर्ष राहून झेन शिकलेला माणूस, 1995 च्या ‘द ग्रीटिंग’मध्ये तीन बायका रस्त्यात भेटतात तो 45 सेकंदांचा शॉट त्याने दहा मिनिटांपर्यंत ताणलाय. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये 2014 पासून त्याचे चार उभे स्क्रीन आहेत, आवाज नाही, सात मिनिटांत संपतं. चर्चमध्ये, बाकीच्या मूर्तींसारखंच. माणसाचा चेहरा हळू केला की त्यात अशा गोष्टी दिसतात ज्या एरवी निसटतात.

लाट हळू केली तर शाम्पूची ॲड दिसते. तीन तास ग्रेडिंग करून बघितलं, शाम्पूच. डिलीट.

2 नोव्हेंबर, पाडवा

दिवाळीत काम नाही म्हणता म्हणता एक शूट झालं. संध्याकाळी पावणेसहाला ओहोटीचं पाणी पार आत गेलेलं, खाडीकाठच्या गडग्यावर, म्हणजे दगडी बांधावर, जुना मोबाईल ठेवून एक तास सलग, कॅमेरा न हलवता, स्पीड न बदलता. आमची खाडी म्हणजे वाघोटण, तिच्या मुखाशी विजयदुर्ग, आम्ही बरेच आत. फ्रेममध्ये चिखल, कांदळाची एक कड, मधे ‘कासव’ म्हणतात तो खडक, पलीकडचा रत्नागिरी जिल्हा धुरकट.

धडा: एक्स्पोजर आणि फोकस लॉक न केल्यामुळे बगळा उडत गेला की अख्खी फ्रेम उजळते आणि परत काळी होते. गप्प बसलेल्या माणसाच्या तोंडावर कोणी टॉर्च मारावा तसं.

5 नोव्हेंबर

प्रोजेक्टर आला, ओळखीतून उसना, 3200 ल्यूमेनचा. आता मुद्दे पटापट.

पंख्याचा आवाज. मांगरात रात्री एवढी शांतता असते की तो पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाटतो. प्रोजेक्टर बाहेर पडवीत नेला, झरोक्याला काच लावून त्यातून फेकला. सुटला प्रश्न.

काळा रंग. प्रोजेक्टर काळा दाखवूच शकत नाही, काळ्याच्या जागी राखाडी उजेड पडतो आणि अंधाऱ्या खोलीत भिंतीवर एक चौकोन लटकलेला दिसतो, मग चित्रात काहीही असो, तुम्ही स्क्रीन बघताय हे डोकं विसरत नाही. लेन्सपुढे कॅमेऱ्याचा एनडी फिल्टर धरला, उजेड खूप कमी झाला आणि तो चौकोन जवळजवळ गेला. कडा राहिल्या. त्या सॉफ्टवेअरमध्ये कितीही पुसट केल्या तरी राखाडी राहतेच, मग आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा घेऊन त्यात ओबडधोबड भोक पाडलं आणि लेन्सच्या अगदी जवळ उभा केला. एवढ्या जवळचा पुठ्ठा फोकसमध्ये येत नाही त्यामुळे कड विरघळते. चित्र कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते ते सांगता येईना. ह्या पुठ्ठ्यावर मी जाम खूश आहे, लाखाच्या सामानात सगळ्यात मोठं काम फुकटच्या पुठ्ठ्याने केलं.

भिंत रंगवायची नाही, नक्की. पोपड्यांवरून पाणी गेलं की पाण्याला अंग येतं.

7 नोव्हेंबर

आवाज. नुसतं पाणी पातळ वाटत होतं म्हणून खाली तानपुरा घातला. ला माँट यंग आणि मॅरियन झझीला ह्या जोडप्याचं न्यूयॉर्कमध्ये चर्च स्ट्रीटवर ‘ड्रीम हाऊस’ आहे 1993 पासून, जांभळट उजेड आणि सलग चालणारे सूर, तिथे नुसती मान हलवली तरी आवाज बदलतो म्हणतात. ही दोघं किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांची शिष्यं, म्हणजे तो सूर आपल्याच तानपुऱ्यातून तिकडे गेला. मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, ते हेच घराणं. म्हटलं आपल्याच घरचं आहे, चालेल.

काकू आणि भजनी मंडळातल्या दोन बायका येऊन बसल्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, चुळबुळ. शेवटी एकीने हळूच विचारलं, “सुरू कधी होतला?”

अर्थात! ह्या गावात तानपुरा लागला म्हणजे कोणीतरी गाणार. न्यूयॉर्कवाल्यांना तो सूर म्हणजे पोचल्यासारखं वाटत असेल, इथे ती तयारी असते, टाळ बाहेर काढायची वेळ. काढून टाकला. नुसतं पाणी.

9 नोव्हेंबर, शनिवार

आजचा दिवस नीट लिहिते.

सात जण. 2 तारखेचं शूट लावलं. पहिली वीस मिनिटं छान गेली, खरंच छान, मी मागे बसून माणसांच्या पाठी बघत होते, कोणाचे खांदे कधी खाली येतात ते कळतं मागून. मग तात्या आले. तात्या खाडीत होडी घालतात, साठ वर्षं तरी झाली असतील, ते दारात उभे राहिले, आत आलेच नाहीत. भिंतीकडे बघतायत, अस्वस्थ. एकदा बाहेर जाऊन खाडीच्या दिशेला बघून आले. परत उभे. शेवटी राहवलं नाही.

“गो बाय, ह्या पाणी आजचा नाय.”

मी म्हटलं नाही तात्या, पाडव्याचं आहे.

“तेच म्हणतंय. कासव उघडा पडलेला दिसता मां. ह्या उधाणाचा पाणी. आज भांग.”

गप्प बसलेल्या सगळ्यांनी भिंतीकडे नव्या नजरेने बघितलं आणि सगळ्यांना ते दिसलं, मलाच दिसलं नव्हतं. कासव खडक अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीलाच एवढा बाहेर येतो, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे छोट्या भरती-ओहोटीला, पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही. त्यानंतर कोणीच नीट बसलं नाही. चुकीचं घड्याळ लावलेल्या खोलीत बसल्यासारखं झालं सगळ्यांना.

सगळे गेल्यावर तात्यांनी मला हिशोब सांगितला. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. आज अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती, बाराला ओहोटी. पंचमी असेल तर पावणेचार. पौर्णिमेला पंधराची सव्वाअकरा. लहानपणी मोठ्यांच्या तोंडून ऐकलं असणार मी, पण कधी कान दिला नव्हता. चंद्र रोज पुढे सरकतो म्हणून भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा, पाऊण तास म्हणजे 45, जवळच की. भांगाच्या आसपास रोजचा उशीर वाढतो आणि उधाणाला कमी होतो, त्यामुळे हिशोब तिथे थोडा चुकतो. तात्यांना तेही माहीत आहे, म्हणाले अष्टमी-नवमीक घड्याळ नको बघू, पाणी बघ.

10 नोव्हेंबर

रात्री झोप नाही. लाइव्ह कॅमेरा लावावा का? खाडीवर वीज नाही, नेटवर्क तर मांगरातसुद्धा झाडाखाली उभं राहिलं तर मिळतं. पंधरा तिथींच्या पंधरा क्लिपा करून तिथीप्रमाणे निवडाव्या?

पहाटे चहा पिताना सुचलं आणि स्वतःलाच हसले. दोन भरत्यांमधलं अंतर 12 तास 25 मिनिटं. म्हणजे संध्याकाळी सातला पाणी जिथे असणार तिथेच ते सकाळी 6:35 ला असतं. रोज सकाळी 6:35 ते 7:35 शूट करायचं आणि त्याच दिवशी संध्याकाळी 7 ते 8 लावायचं. नेटवर्क नको, तिथीचा कोड नको, काही नको. सकाळचं पाणी संध्याकाळी.

आज साडेसहाला गडग्यावर. मोबाईल प्लास्टिकच्या बरणीत, एक्स्पोजर लॉक, आवाजाला वेगळा रेकॉर्डर, त्याच्या माइकवर भाचीच्या जुन्या टेडीची कातडी शिवून घातली वाऱ्यासाठी. टेडी माझ्याकडे बघत होता.

12 नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सातला पाणी चढतं, भिंतीवरही चढतं. तात्या दारात आले, दोन मिनिटं बघितलं, काही बोलले नाहीत, विडी पेटवून निघून गेले. पास!

आणि आज एक गोष्ट पकडली. काकूने मधे दहा-बारा मिनिटं डोळे मिटले होते, माळ चालू होती. उघडले तेव्हा तिने इकडेतिकडे बघितलं नाही, कोणाला विचारलं नाही, पाणी चार बोटं वर आलेलं बघितलं आणि परत मिटले. कोजागिरीनंतर मी मधे ठिपक्यांचं एक ॲनिमेशन लावून बघितलं होतं (त्याची नोंद करायचीसुद्धा लाज वाटली), तेव्हा हीच काकू डुलकीतून दचकून उठली आणि “मधी काय झाला?” म्हणाली. काहीतरी चुकलं असं वाटलं तिला.

तर माझी कसोटी ही. बघणाऱ्याने हवं तेव्हा डोळे मिटावे, हवं तेव्हा उघडावे, आणि मधे काही चुकलं असं वाटता कामा नये. तरीही उघडल्यावर काहीतरी पुढे गेलेलं असावं, नाहीतर फोटो लावला असता. जाहिरातीत मी जे जे करायचे, कट, झूम, सरप्राइज, ते सगळं ह्या कसोटीवर नापास होतं. काकूच्या त्या प्रश्नाचं उत्तरही हेच, दोन्ही कर.

15 नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

देवळात दीपमाळ असल्यामुळे फक्त तिघं आले. पाणी जोरात चढलं आज, ओहोटीनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या तासात ते सगळ्यात भरभर चालतं. सुरुवातीला कासव उघडा, तासाने नुसती पाठ. चढताना मात्र कोणालाच दिसलं नाही. गुरुजी म्हणाले मी टक लावून बसलो होतो तरी हुकलं.

22 नोव्हेंबर

लाईट गेली. 7:20 ला. मला मनातून वाटलं होतं की एकदा तरी असं व्हावं, अंधारात सगळे तसेच शांत बसून राहतील, बाहेर रातकिडे, वगैरे. तसलं काही झालं नाही. सगळे उठले, चपला शोधल्या, मोबाईलचे टॉर्च, “चला, डास चावतत,” आणि घरी. पाच मिनिटांनी लाईट आली तर भिंतीवर भलामोठा निळा चौकोन, त्यावर ‘नो सिग्नल’.

घरचा इन्व्हर्टर आणायचा. व्हिडिओ चालवणारा छोटा कॉम्प्युटर, रास्पबेरी पाय, परत चालू झाला की आपोआप व्हिडिओ लागेल आणि तोवर भिंत काळीच राहील असं सेटिंग, आज रात्रीच.

24 नोव्हेंबर

कृष्ण पक्षातलं भांगाचं पाणी. भरती होऊन पाणी उभं राहिलेलं, तासभरात हललंच नाही म्हणा. मागून एक पोरगा, “ताई, अडकलंय.” मी घाबरून जाऊन टाइमकोड बघितला, चालू होतं. काही सांगितलं नाही. थोड्या वेळाने एक मासा उडाला, तेव्हा त्याची खात्री पटली.

उद्या लवकर उठायचंय. रोज उठायचंय. हा प्रकल्प दुसऱ्या कोणाच्या ध्यानासाठी आहे की मला सहाला उठवायला आहे कोण जाणे. तो एक तास मी मोबाईलशेजारी गडग्यावर बसते, कारण कुत्री येतात, आणि तिथे करण्यासारखं काहीच नसतं. संध्याकाळी तोच तास परत बघताना कंटाळा यायला हवा, येत नाही.

8 डिसेंबर

होडीचं इंजिन. साधारण सात-दहाला एक यांत्रिक होडी फ्रेमच्या बाहेरून जाते, आवाज मिनिटभर राहतो. सकाळी त्रास होत नाही, संध्याकाळी खोलीत फार मोठा वाटतो. साफ करून टाकावा असं वाटलं, सॉफ्टवेअरने सहज जाईल. गुरुजी काढ म्हणाले. बायका म्हणाल्या राहूदे, आमका कळता कोणाची होडी ती. ठेवला. गुरुजी नाराज आहेत, पण त्यांना इगतपुरीला जाता येतं, बायकांना घर सोडून दहा दिवस कोण जाऊ देणार.

14 डिसेंबर, दत्तजयंती

दंव. आता 6:35 ला अजून उजाडलेलं नसतं, त्यामुळे भिंत जवळजवळ काळ्यापासून सुरू होते आणि तासाभरात आपोआप उजळते, हे मी ठरवलेलं नाही, डिसेंबरने करून दिलं. पण बरणीवर दंव धरतं, आज अर्धा तास सगळं दुधाळ. फडकं घेऊन बसायचं, आणि पुसताना हात फ्रेममध्ये येतो. संध्याकाळी तो हात भिंतीवर दिसला तेव्हा सगळ्यांनी ओळखला.

19 डिसेंबर

धुकं. पलीकडचा काठ नाही, कासव नाही, कांदळ नाही, चाळीस मिनिटं पांढरी भिंत आणि पाण्याचा आवाज. लावू की नको असा विचार केला, मग नियम मोडायचा नाही म्हणून लावलं. अकरा जण होते, आजवरचे सगळ्यात जास्त. एक आजी झोपल्या, घोरल्या, कोणी उठवलं नाही.

झोप येणं हे फेल का? डायरीत ह्यावर दोन पानं लिहिली होती, फाडली. म्हातारं माणूस दिवसभर राबून तासभर निवांत झोपलं तर माझं काय गेलं.

23 डिसेंबर

तात्या आता रोज येतात, पण बसत नाहीत. दाराला टेकून पाणी बघतात आणि जातात. आज म्हटलं तात्या या ना आत, बसा.

“माका बसाचा नाय. पाणी बघूक इलय.”

अंधारात खाली काठापर्यंत उतरायला आता गुडघे देत नाहीत, मग इथेच बघून होडीची दोरी किती सैल ठेवायची ते ठरवतात. म्हणजे ध्यानासाठी केलेल्या खोलीचा एक माणूस भरतीचं टाइमटेबल म्हणून वापर करतोय. मी विचारलं, बरोबर असतं का? म्हणाले बरोबर असता, पण थंडीत रात्रीचा पाणी दिवसाच्या पाण्यापेक्षा जास्त चढता, वीतभर धरूचा. हे मात्र माझ्या 12 तास 25 मिनिटांच्या हिशोबात नव्हतं. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात आमच्या किनाऱ्यावर. म्हणजे गेला दीड महिना भिंतीवरचं पाणी रोज थोडं कमीच होतं आणि तात्या मनातल्या मनात वीतभर वाढवून बघत होते.

दुरुस्त करता येईल का ह्यावर रात्री विचार केला. नाही करत.

28 डिसेंबर

शेवटची संध्याकाळ. वेगळं काही केलं नाही, भाषण नाही, फक्त चहा आठनंतर.

हिशोब: 10 नोव्हेंबरपासून 49 सकाळी, त्यातल्या 8 बुडाल्या (ताप, एक लग्न, दोनदा मोबाईल चार्ज नव्हता, बाकी आळस), 41 तास जमले. तासाला साधारण 3.6 जीबी, सगळं मिळून 148 जीबीच्या आसपास. दोन डिस्कवर कॉपी. फाइलींची नावं तारखेवरून बदलून तिथीवर केली, ‘मार्गशीर्ष कृष्ण त्रयोदशी सकाळ’ असं.

29 डिसेंबर

सकाळी काकांनी पंप आणून मधोमध ठेवला. प्रोजेक्टर खोक्यात, काच काढली, झरोका परत उघडा. पुठ्ठा मी ठेवून घेतला.

काकू विचारत होती की घरच्या टीव्हीवर चालेल काय हे, माजघरात. चालेल की, म्हटलं, पण आता रोज सकाळी मी नसणार, मी 4 तारखेला मुंबईला जातेय, पाणी जुनं असेल. तात्या बाहेर खळ्यात जाळं निवडत बसले होते, काकूने त्यांनाच हाक मारून विचारलं, मार्गशीर्षातल्या पंचमीचं पाणी पौषातल्या पंचमीला लावलं तर चालेल काय.

तात्यांनी मान वर न करताच सांगितलं, “चलतला. वीतभर हकडे तकडे.”